नंदाचं उच्च तापमान

रिसोडच्या बाजारात सोयाबीनच्या भावावरून अडत्याशी माझी हुज्जत चालली होती, तेवढ्यात बंगळूरहून मीनाक्षीचा फोन आला. मीनाक्षी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, नंदाची, प्रयोगशाळेतली जोडीदारीण. "भाऊ, नंदाताई गेल्या," एवढंच ती बोलली. आणि मी वेड्यासारखा विचारतो, "कुठं गेली?" आजार माहीत होता, डॉक्टरांनी हात टेकलेले माहीत होते, तरी तोंडातून तेच निघालं...

आसेगावची पोर बंगळूरला काय करते, हे गावाला सांगता सांगता माझ्या नाकीनऊ यायचे. 'उच्च तापमानाचे अतिवाहक', म्हणजे वीज जराही न अडवणारे पदार्थ, असं तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्या मायचा जीवच उडाला. उन्हाळ्यात आमच्याकडे माणूस खिशात कांदा टाकल्याशिवाय वावरात जात नाही, आणि ही पोरगी म्हणे वर्षभर उच्च तापमानात! मायनं पिशवीभर पांढरे कांदे पार्सल केले. "खिशात ठेवत जाय म्हना, नाही तं लू लागन माह्या पोरीले." नंदा फोनवर हसून हसून बेजार. तिच्या प्रयोगातलं तापमान बर्फाहून कितीतरी खाली होतं! मला रागच आला.

"मंग त्याले उच्च काहून म्हनता वं?"

"आधीचे पदार्थ याहूनबी थंडीत चालत होते, भाऊ. त्याईच्या मानानं हा उन्हाळाच."

विद्वान लोकांचं डोकं असंच चालतं. कांदे मात्र तिनं खाल्ले, आणि एक कोटाच्या खिशात ठेवून मायला फोटोही पाठवला.

तिला एक सांधा जमवायचा होता. साध्या चिकटपट्टीनं त्या पदार्थाचे पापुद्रे सोलायचे, इतके पातळ की केसाच्या जाडीत हजारो मावतील. मग एका पापुद्र्यावर दुसरा जरा तिरका बसवायचा. त्या सांध्यातून वीज जराही न अडखळता गेली, तर जिंकलो. पण पापुद्र्याला जरा ऊब लागली की त्याच्यातला ऑक्सिजन उडून जाई आणि सांधा बाद. "आजचाबी मेला, भाऊ," असं ती शेजारचं कोणी गेल्यासारखं सांगायची. दवाखान्यातून औषध चढवून आली तरी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत हजर. मी भडकायचो.

"मरू दे तुह्या सांध्याले! घरी ये, दोन घास गरम खाय."

"एक जिता सांधा पाहू दे, मंग येतो. मले दुसरं काहीच नाही पाह्यजे."

गेल्या पोळ्याला आली होती. डोक्यावर केस नव्हते, पण पुरणपोळी हाणली आणि बैलांच्या शिंगांना रंग माझ्याहून नीट लावला. जाताना मंगरूळपीरच्या स्टँडवर म्हणाली, "पापुद्रे अजून थंडीत बसवून पाहीन, भाऊ. तिथंच चुकून राह्यलं." तिला तो सांधा बघायला मिळाला नाही. याचंच मला अजून सगळ्यात वाईट वाटतं, तिच्या जाण्याहूनही कधी कधी जास्त.

परवा वावरातून येऊन अंगणात टेकलो, तर मीनाक्षीचा फोन. हसत होती की रडत होती, कळेना. "भाऊ, जगला! नंदाताई म्हणाल्या तसंच केलं, अजून थंडीत. वीज आरपार गेली, कुठंच अडली नाही." मी म्हणालो, "बरं झालं बाई, लय बरं झालं." फोन ठेवला, आणि हात सवयीनं नंदाच्या नंबरवर गेला. कळलं तोवर घंटी जायला लागली होती.

घंटी आतल्या खोलीत वाजली.

बंगळूरहून आणलेल्या सामानातला तिचा फोन माझी बायको विमल रोज चार्ज करून ठेवत होती. मला पत्ताच नव्हता. तिनं तो उचलला. मी ओरडणारच होतो, पण माझ्या कानात विमलचा आवाज आला, अगदी हळू...

"बोला. आयकून राह्यली ती."

मग मी नंदाला सगळं सांगितलं.