पान सोळावरच्या तीन कोऱ्या ओळी

गेल्या जूनच्या चौदा तारखेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, एक लाख ऐंशी हजार रुपयांत मी माझी आई विकली. हजर: ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरात आई, बायको, मुलगी पल्लवी, तिच्या मैत्रिणी सुनंदा व रोशनी, आणि मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा माणूस, ज्याने घरात आल्यावरही काळा चष्मा काढला नाही.

झालं असं. पल्लवी आणि तिच्या या दोन मैत्रिणींचा रॅपचा ग्रुप. नाव ‘राखड’. (राखड म्हणजे कोळसा जळल्यावर उरते ती राख. आमच्याकडे तिला तोटा नाही.) मागच्या खोलीत भिंतीला गाद्या उभ्या करून पोरींनी मोबाइलवर गाणं रेकॉर्ड केलं. शेजारी आई तांदूळ निवडत रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं म्हणत होती, बायको सूप आपटत होती. दोन्ही गाण्यात शिरलं. तेवढ्यात रिकाम्या हॉलमध्ये पंखा फिरताना पाहून मी ओरडलो, “पंखा बंद करा! बिल कोन भरते?”

तेही शिरलं!

चार महिन्यांत ते गाणं अहेरीपासून नागपूरपर्यंत वाजू लागलं. लग्नात डीजेसमोर शेकडो माणसं हात वर करून ओरडत, “बिल कोन भरते?” (हा प्रश्न मी घरात सव्वीस वर्षं विचारतो आहे. एकानेही हात वर केला नव्हता.)

मग करार आला. सतरा पानं. पोरी पेन उघडून बसल्या. मी म्हणालो, “थांबा, मी वाचतो.” वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये नोंदी ठेवण्यात माझा जन्म गेला. अकराव्या पानावर बेरजेत तीनशे रुपयांची चूक काढली. काळ्या चष्म्याने ती तिथेच दुरुस्त केली! मी फुललो. सोळाव्या पानावर ‘ध्वनिमुद्रणातील इतर सहभागी’ असं लिहून खाली तीन ओळी कोऱ्या ठेवल्या होत्या.

“उसको रहने दो, अंकल,” तो म्हणाला.

रहने दो? कोरी ओळ म्हणजे उद्याचा घोटाळा! एकतर भरायची, नाहीतर आडवी रेघ मारायची. मी भरली. आई, बायको, मी. तिघांच्या सह्या घेतल्या. चौथी शिकलेल्या आईला सहीला दोन मिनिटं लागली. त्याने ते पान वाचलं आणि पहिल्यांदा हसला. मला वाटलं, कामाची कदर झाली!

जुलैत आई मूल तालुक्यातल्या आमच्या गावी रोवण्याला गेली. भाताच्या बांधीत सगळ्या बायांच्या पुढे उभी राहून ती चाळीस वर्षं गाते आहे. कोणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब. त्याच आठवड्यात आईच्या नावाने नोटीस! करारात ज्यांची नावं आहेत, त्यांनी कंपनीला विचारल्याशिवाय पाच वर्षं कुठेही गायचं नाही, त्या गाण्यातला शब्दही चारचौघांत काढायचा नाही.

पल्लवीने वाचून दाखवलं.

“मंग रोवण्यात मी मुकी राहू काय?” आईने विचारलं.

“आजी, पाचच वर्षं...”

“मी शहात्तरची आहो, बाई.”

बेरीज मी मनातल्या मनात केली.

आई गप्प झाली ती झालीच. तांदूळ निवडतानाही ओठ मिटलेले. भजनाला जाणं बंद. “कोनी आयकलं अन् अरुणले धरून नेलं तं?” ती म्हणायची. (अरुण म्हणजे मी.) तिकडे पोरींचं दुसरं गाणं कंपनीने दाबून ठेवलं होतं, ‘राखड’ या नावाने त्यांना स्टेजवरही चढता येईना. सहा माणसं मुकी झाली, कारण त्यातल्या एकाचं अक्षर चांगलं होतं!

मी कंपनीला फोन केला. तिथल्या मॅडमने सुटकेचे दर सांगितले. पोरी, प्रत्येकी चार लाख. आई, साठ हजार. बायको (सूप), पाच हजार. मी, पाचशे.

मी पुन्हा विचारलं. पाचशेच.

माझा पीएफ थोरल्या मुलीच्या लग्नात गेला होता. माइक, प्रवास, कपडे यांचा खर्च जाता कराराच्या पैशातले सदुसष्ट हजार उरले होते, आणि ते पोरींचे होते. मागायला मला तोंड नव्हतं. अहेरीची सुनंदा तिघींत तिखट. तीच म्हणाली, “पाच वर्षांनी आमी अठ्ठावीसच्या होऊ, काका. आजी एक्क्याऐंशीची. या हिशोबाले कागद-पेन काऊन लागते तुमाले? भरा आजीचे पैसे.”

नोव्हेंबरात आईच्या सुटकेचा कागद आला. तिने चष्मा लावला.

“यात कोरी जागा नाई ना रे?”

“नाही.”

“पल्लू, पयले याच्या हातातला पेन घे.”

मग तिने तांदळाचं ताट पुढे ओढलं आणि गायला लागली. आवाज फाटला होता. दोन ओळींत दम लागला. पोरी दारात उभ्या होत्या, पण मागून ओळ धरायला एकीचंही तोंड उघडलं नाही. त्यांची अजून चार वर्षं सात महिने बाकी होती.

कंपनीला भरले पासष्ट हजार. आई आणि बायको सुटल्या. माझे पाचशे भरावेत का, यावर घरात मतदान घेतलं. नको: पाच. हो: एक.

आता रिकाम्या हॉलमध्ये पंखा दिवसभर फिरतो. मी तोंड उघडलं की बायको म्हणते, “अहो, करार!” गेल्या महिन्याचं विजेचं बिल दोन हजार एकशे चाळीस रुपये आलं. कोणी भरलं, ते मला बोलता येत नाही.