टेबलाची कड

तपासणी संपली की तात्या खुर्चीवरून उठताना माझ्या टेबलाची कड धरायचे आणि डोळे मिटून क्षणभर तसेच थांबायचे. मला वाटायचं, माझ्याकडून त्यांचा पाय निघत नाही. इतकी मी लाडावले होते.

बारामतीच्या एका दवाखान्यात रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. गोळी घेणाऱ्यांना दर महिन्याला बोलवायचं, दाब मोजायचा आणि काही त्रास होतो का ते लिहून घ्यायचं, हे माझं काम. तात्या इंदापूरकडच्या शेळगावचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं.

"कन्हेरी? आमची थोरली बहीण तितंच दिलीया. म्हंजी तू माझी भाचीच की!"

तेव्हापासून भाचीसाठी पिशवीतून पेरू यायला लागले. हे नियमात बसत नाही म्हटलं, की "मामाला कसला आलाय नियम?" म्हणून माझ्यावरच डोळे वटारायचे. मीही पेरू खायचे.

फॉर्मवर बारा प्रश्न होते. डोकं दुखतं का, उठताना चक्कर येते का, असा एकेक वाचून विचारायचा, असा दंडक. पण बाहेर रांग असायची, आणि तात्या तर घरचेच. मी आपली विचारायचे, "तात्या, बरं हाय ना?"

"बरं हाय."

झालं. बाराही प्रश्नांपुढे 'नाही' लिहून मी मोकळी. आमच्याकडे माणूस तापानं फणफणला असला तरी आधी "बरं हाय" म्हणतो, हे मला बाहेरून आलेल्या डॉक्टरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर मला या कामावर घेतलं होतं.

पाचव्या महिन्यात तात्या आलेच नाहीत. फोन त्यांच्या बायकोनं, काकूंनी उचलला. सकाळी खाटेवरून उठताना तात्या कोसळले होते, खुबा मोडला होता.

"अवो, चार महिनं भित्तीला धरून उठत्यात. डाक्टरला सांगा म्हणलं, तर म्हणत्यात, भाचीचं औषध हाय, तिच्या तोंडावर नावं कशी ठिवू?"

मला टेबलाची ती कड आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. फॉर्म न विचारताच भरल्याचं मी डॉक्टरांना सांगून टाकलं. त्यांनी तात्यांची गोळी थांबवली आणि मला त्या कामावरून काढलं. ओरडले मात्र नाहीत. ओरडले असते तर जरा हलकं वाटलं असतं.

महिन्याभरानं शेळगावला गेले. माफी मागायचं वाक्य वाटेत कितीदा तरी घोकलं होतं. तात्या खाटेवर आडवे होते. उशाजवळच्या भिंतीवर, हात टेकून टेकून, एक मळका डाग पडला होता. तो बघितला आणि माझ्या तोंडून माफीऐवजी फॉर्मवरचाच प्रश्न बाहेर पडला.

"तात्या, उठताना चक्कर यायची का?"

तात्या हसले. "आता कुठं उठतोय, भाचीबाई!" मग काकू चहा टाकायला आत गेल्याचं बघून त्यांनी आवाज बारीक केला. "माझ्यापायी तुझ्या कामाला काय धक्का न्हाय ना लागला?"

मी त्या डागाकडंच बघत राहिले.

"न्हाय तात्या," मी म्हणाले, "बरं हाय."