सासऱ्यांसाठी एक मडकं

सासरे चांगले जिवंत असताना, दिवाळीच्या पाडव्याला सकाळी, भोक पाडलेलं मडकं खांद्यावर घेऊन मी त्यांच्या गावात शिरलो. चूक झाली ती एवढीच. पण ती कशी झाली हे सांगायचं तर टेपरेकॉर्डरपासून सुरुवात करावी लागेल.

लग्नानंतरचा तो माझा पहिला दिवाळसण. सासरे बोरगावचे, तंबाखूचे शेतकरी. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. त्यांना माझी बायको ही एकुलती एक लेक, मुलगा नाही. जावयाला काय घालायचं हे त्यांनी श्रावणातच ठरवून टाकलं होतं. निपाणीतल्या एका दुकानात काचेमागं एक तयार टेपरेकॉर्डर ठेवलेला होता. वर मुठीची कडी, पुढं चकचकीत जाळी. आप्पा बाजाराला आले की त्या काचेसमोर टोपी सारखी करत उभे राहायचे.

मी गप्प बसून तो घ्यायला हवा होता. पण निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कारकुनी करता करता मी टपालानं येणारा रेडिओ दुरुस्तीचा कोर्स अर्धा केला होता. अर्धा म्हणजे यंत्र उघडायचं कसं, इथपर्यंत. बंद करायचं पुढच्या पुस्तिकांत होतं. तेवढ्या भांडवलावर मी आप्पांना म्हणालो की तयार माल घेणं म्हणजे दुकानदाराची भर करणं. त्याच पैशात सुटे भाग आणून मी दोन स्पीकरचा, तिप्पट आवाजाचा डेक घरी जोडतो आणि पाडव्याला तुमच्याच सोप्यात, भाऊबंदांसमोर वाजवून दाखवतो.

आप्पांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग एवढंच विचारलं, "वाजंल न्हवं?"

"गावाला ऐकू जाईल," मी म्हणालो. हा शब्द मात्र खरा ठरला, वेगळ्या रीतीनं.

घरी आल्यावर बायकोनं मला समोर बसवलं. म्हणाली, "आप्पांनी आजवर वस्तूच्या बदली कुणाच्या हातात पैसं ठेवल्यालं न्हाईत. तुमच्यावर इश्वास टाकलाय. त्यो डबा न्हाय वाजला, तर मला म्हायेरात मान वर करून बोलता येणार न्हाय. आमचा दादा टपूनच बसलाय."

दादा म्हणजे आप्पांचा पुतण्या. आप्पांच्या मागं रान आपल्याकडंच येणार असं त्यानं धरलेलं होतं, आणि लेकीला नवरा मिळाल्यापासून तो माझ्याकडं बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याकडं बघावं तसा बघायचा.

सुटे भाग घ्यायला मी बेळगावला गेलो. दुकान एवढंसं, पण भिंतीला छतापर्यंत खोकी. दुकानदार एका वाक्यात कन्नड, मराठी आणि हिंदी तिन्ही वापरायचा आणि तिन्ही भाषांत मला साहेब म्हणायचा. त्यानं सरळ सांगितलं होतं की पैसे बेताचे असतील तर आधी चांगला ट्रान्सफॉर्मर घ्या, मग स्पीकर, आणि उरलं तर बाकीचा नखरा. मी मान डोलावली आणि नखऱ्यापासून सुरुवात केली. कारण समोरच फळीवर लाल-हिरव्या दिव्यांच्या पट्ट्या होत्या. गाणं लागलं की त्या आवाजाबरोबर खालीवर पळायच्या. दुकानदारानं लावून दाखवल्या आणि मी संपलो. असल्या दोन घेतल्या. मग पुढची चकाकती पट्टी, तिला शोभतील अशी मोठी बटणं. कॅसेट फिरवणारं यंत्र घेतलं, आवाज मोठा करणारा बोर्ड घेतला. स्पीकरसुद्धा बरे घेतले, कारण ते दिसतात. ट्रान्सफॉर्मर आत असतो, त्याच्याकडं कोण बघतंय? तो मी कोपऱ्यातल्या भंगाराच्या टोपलीतून, कुठल्यातरी मेलेल्या रेडिओतून काढलेला उचलला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा लहान पडंल." मी म्हणालो, "आमचं घर पण लहानच आहे."

स्पीकर बसवायच्या लाकडी पेट्यांना मात्र काही उरलं नाही. त्यावर त्यानंच तोड सांगितली. स्पीकर मडक्याच्या तोंडावर पालथा बसवायचा. आवाज असा घुमतो की पेटीची गरज नाही. हे काही खोटं नव्हतं. संकेश्वरच्या स्टँडजवळ एका हॉटेलात मडक्यातलाच स्पीकर टांगलेला होता आणि त्याच्या दणक्यानं टेबलावरच्या बशा सरकायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तोंड स्पीकरनं बंद होतं, म्हणून वायर बाहेर काढायला मडक्याला एक भोक लागतं, एवढंच.

घरी सगळं जोडलं. टेबलावर ठेवून हळू आवाजात अर्धं गाणं वाजवलं. दिवे नाचले, आवाज आला. कॅसेट उगाच झिजायला नको म्हणून मी तिथंच बंद केलं. बायकोही खूश झाली आणि पुढं माहेरी गेली. जाताना म्हणाली, "पुरं गाणं वाजवून बघा एकदा." मी बघितलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी निपाणीत कुंभाराकडं गेलो. म्हातारा चाकाजवळ बसला होता. मी खिशातून दोरा काढून मडक्यांची तोंडं मोजायला लागलो. त्यानं विचारलं, मडकं पाण्याला पाहिजे का धान्याला. मी म्हणालो, दोन्हीला नको, फक्त भोक पाडून पाहिजे.

म्हाताऱ्याचा हात थांबला. हळूच म्हणाला, "घरातलंच काय?"

"सासऱ्यांसाठी," मी म्हणालो.

"कवा?"

"उद्या सकाळी. सगळे भाऊबंद जमणार आहेत."

त्यानं हातावरची माती पुसली. मग म्हणाला, भोक तिथं गेल्यावर पाडायचं असतं. मी म्हणालो, तिथं कुठं दगड शोधत बसू, आत्ताच पाडा. सवयीनं मी मडकं बोटानं ठोकून बघायला गेलो, तर त्यानं माझा हात धरला. असलं मडकं ठोकून घेत नाहीत म्हणाला. मला वाटलं, त्यालाही आवाजातलं कळतंय. दुसरंही द्या म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा एवढा पडला की किमतीत घासाघीस करायचा मला धीर झाला नाही, आणि त्यानंही भाव सांगितला नाही. जे दिलं ते घेतलं. निघताना म्हणाला, "म्हातारं माणूस सुटलं म्हनायचं." कशातून सुटलं हे विचारायला मी थांबलो नाही. डोक्यात नुसता घुमणारा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी निपाणीच्या स्टँडवर गर्दी एवढी की एक मडकं एसटीच्या दारातच फुटलं. दोन स्पीकरचा डेक तिथंच एका स्पीकरचा झाला. त्याच रेटारेटीत एका चपलेचा अंगठाही तुटला. बोरगावला उतरलो तेव्हा दोन्ही चपला आणि डेक पिशवीत, अंगावर दिवाळीचे नवे पांढरे कपडे, पाय अनवाणी, आणि उरलेलं मडकं फुटू नये म्हणून खांद्यावर, त्याच्याखाली पांढरा पंचा. आता हे लिहिताना मलाच दिसतंय. तेव्हा दिसलं नाही. वर आणखी एक गोष्ट म्हणजे आप्पा दसऱ्यापासून तापानं पडून होते, आणि दोनच दिवसांपूर्वी ताप उतरून ते उठून बसले होते. हे आमच्या घरात ठाऊक होतं. गावात ताप तेवढा ठाऊक होता.

स्टँडसमोर चहाच्या गाड्यावर गाणी चालू होती. मला बघताच गाडेवाल्यानं रेडिओ बंद केला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. दोघांनी टोप्या काढल्या. दिवाळसणाला जावयाचा मान असतो हे ऐकून होतो, पण एवढा असेल असं वाटलं नव्हतं. मी गंभीरपणे मान लववत चाललो. एक म्हातारा जवळ येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "लई चांगला मानूस." मी म्हणालो, "तुमचा आशीर्वाद." तो माझ्याबरोबर चालायला लागला. त्याच्यामागं आणखी दोघं. वळणावर मागं बघितलं तर चाळीसेक माणसं, सगळी गप्प. मला वाटलं, डेकची बातमी आधीच पोचली.

आप्पांच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईनं मडकं बघितलं आणि पदर तोंडाला लावून जो सूर लावला, तो ऐकून पुढच्या घरातल्या बायकाही बाहेर आल्या. आता मात्र मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. तेवढ्यात दादा रानातनं धावत आला, पाय चिखलानं भरलेले. आला तो सरळ मडक्याला हात घातला.

"सोडा. ह्यो मान माझा हाय."

"तुम्हाला वायरी जोडता येतात का?" मी विचारलं.

"जावयानं पानी द्याची रीत कुठली? रान पाहिजे म्हून मडकं आनलंय, कळतंय मला."

मी ओढलं, त्यानं ओढलं. गर्दीतल्या काहींनी त्याची बाजू घेतली. एक-दोघं म्हणाले, लेकीचा नवरा म्हणजे लेकासारखाच. हा वाद आपल्या डेकविषयी नाही हे मला तेव्हा समजलं. मी हात सोडला, आणि दादा मडक्यासकट मागं बसला. मडक्याच्या खापऱ्या झाल्या.

त्या आवाजानं दार उघडलं. आप्पा बाहेर आले. नुकतीच अंघोळ झालेली, अंगाला उटण्याचा वास, कपाळावर ओला कुंकवाचा टिळा. मागं ओवाळणीचं ताट घेऊन माझी बायको. सूर लावलेली बाई मध्येच थांबली. टोप्या पुन्हा डोक्यांवर चढल्या.

आप्पांनी खापऱ्या बघितल्या, माझे अनवाणी पाय बघितले, पंचा बघितला. पुतण्याला विचारलं, "तू रडत आलतास, का पळत?"

बायको माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "आता त्यो डबा तरी वाजवा."

सगळं गाव दारात होतंच. सोप्यात पाट मांडला, त्यावर डेक ठेवला. मडक्याच्या जागी सासूबाईंनी धान्य मापायची पितळी पायली आणून दिली, तिच्यावर स्पीकर पालथा घातला. आप्पांनी उदबत्ती लावली, नारळ फोडला. मी कॅसेट घातली, आवाज पुरा वाढवला आणि बटण दाबलं.

दिवे नाचले. लाल-हिरवे खालीवर पळाले, माणसं कौतुकानं पुढं सरकली. गाण्याची पहिली ओळ निम्मी आली. मग आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा ओढत ओढत खाली उतरला, घराचा बल्ब पिवळा पडला, आणि डेकच्या मागून एक बारीक धूर निघाला. उदबत्तीचा असेल म्हणून मी जरा वेळ वाट बघितली. उदबत्तीला जळक्या रबराचा वास येत नाही. दिवे तेवढे शेवटपर्यंत नाचत होते.

बायकोनं वायर उपटली. ओवाळणीचं ताट तिनं खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघत उभी राहिली. दादा अंगाची माती झाडत दारात आला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून मनापासून हसला.

आप्पांनी चंची सोडली. तंबाखू मळून तोंडात टाकली. धूर वर जाईपर्यंत थांबले. मग शांतपणे म्हणाले,

"जावईबापू, त्या डब्यात काय तुम्हांस्नी जीव घालता आला न्हाय. माझा तेवढा काढून आलासा."