यादीत कुणालचं नाव

तासगावच्या बेदाणा शेडात बायडाबाई होवाळ निवडायला बसली, की मुकादमसुद्धा जपून बोलायचा. बाई जिभेची तिखट. बेदाण्यात काडी खपवून घेणार नाही, बोलण्यात खोट तर नाहीच नाही. तिचा कुणाल पोलीस शिपाई झाला तेव्हा शेडभर पेढे वाटून तिनं वर दम दिला होता, "आता नीट वागा गं, पोलिसाची आई हाय मी!"

तो कुणाल दोन वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात गेला. नेमणूक खंडाळ्याला. ड्युटी संपवून मोटारसायकलवर गावाकडे निघाला होता. वळणावर टँकर उलटलेला दिसला, म्हणून उतरून मागची वाहनं अडवू लागला आणि एका भरधाव ट्रकनं त्याला उडवलं.

जबाब घेताना साहेबांनी त्याच्या बापाला, केरूला विचारलं, "मुलगा ड्युटीवर होता का?" केरू जन्मात खोटं बोललेला नाही. म्हणाला, "न्हाई साहेब, सुटून घरला निघाला हुता." झालं! कागदावर साधा अपघात उमटला. एकवीस ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनी साताऱ्याच्या मैदानावर शहिदांची नावं वाचली, त्यात कुणाल नव्हता. आपल्याच तोंडानं लेकाचं नाव पुसलं, असं केरूच्या मनानं घेतलं आणि त्यानं मान खाली घातली ती घातलीच.

बायडाबाई मात्र चवताळली. "तुमी खोटं न्हाई बोलला, पर निम्मंच बोलला. घरला निघाल्यालं माणूस घाटात कशाला थांबंल?"

शेडातला बेदाणा पुण्याला पोचवून गाड्या परत यायच्या त्या त्याच घाटातून. मग शेडात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तिचा एकच सवाल, "टँकर उलटला त्या सांजंला घाटात हुतास का रं?" बाया मागं कुजबुजायच्या. बाईनं लक्ष दिलं नाही. सात महिन्यांनी तानाजी नावाचा टेम्पोवाला विचारल्याबरोबर मटकन खालीच बसला.

"मावशी, तुमच्या पोरानंच अडवलं मला. अंगात वर्दी, तोंडात शिट्टी. म्हणाला, मागं घे, पुढं टँकर हाय. टेम्पोत माझी बायको आन लेक हुती वो!"

तानाजीनं जबाब दिला, आणखी चार साक्षीदार हुडकून आणले. कागद वर गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "वर्दी अंगावर, जीव लोकांसाठी. ड्युटी आणखी कशाला म्हणायचं?"

यंदाच्या एकवीस ऑक्टोबरला दोघं साताऱ्याच्या मैदानावर पुढच्या रांगेत बसली होती. नावं वाचली जात होती. अन् आलं, "पोलीस शिपाई कुणाल केरू होवाळ!"

तिच्या अंगभर आनंदाचा काटा आला. बिगुल वाजला, बंदुकांच्या फैरी झडल्या. केरू खुर्चीत मुसमुसत होता. तिनं त्याला दंडाला धरून उभं केलं.

"आवं, मान वर करा. आपल्या लेकाला सलामी द्याय लागल्यात."