सोयाबीनची रास आणि बारमाही सर्दी

लातूरच्या एक डॉक्टर मॅडम दम्यावर संशोधन करत होत्या. सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, सुरू झाली की इतक्या लोकांचा श्वास का अडकतो, त्या धुळीतलं नेमकं काय बाधतं आणि कुठल्या औषधानं छाती मोकळी होते, हे त्यांना शोधायचं होतं. मळणीयंत्राखालची धूळ त्या पुड्यांत भरून न्यायच्या. मी त्यांची मदतनीस म्हणून उदगीरकडच्या गावांत त्यांच्यासोबत घरोघर फिरायची. पण कुणाला दमा आहे का विचारलं की उत्तर एकच, आमच्यात न्हाई कुणाला. ज्या घरात लग्नाची पोरं, तिथं तर नुसती सर्दी, तीही बारमाही! असं खोटं ऐकून संशोधन काय कप्पाळ होणार?

एका घरी पोरगी नुकतीच मळणीवरून आली होती. खांदे वरखाली होत होते, छातीतून शिट्टी वाजत होती. आई म्हणाली, सर्दी हाय. पोरीची सोयरीक जमत आली होती, पाहुण्यांना कळलं तर मोडेल, ही भीती तिच्या तोंडावर दिसत होती. माझं डोकंच फिरलं. पोरीचा जीव चाललाय आणि हिला सोयरिकीची पडलीय! मी पर्समधला माझा दम्याचा पंप काढला, सगळ्यांसमोर ओढला.

"मावशी, मला लहानपणापासून दमा हाय. लग्न झालं, दोन लेकरं हायत, आन् तुमच्या दारात चालत आले."

मग आईनं पोरीला पुढं केलं. मॅडमनी पोरीला श्वास मोजायच्या मशीनमध्ये फुंकायला लावलं, औषध दिलं, थोड्या वेळानं परत फुंकायला लावलं. आकडा वर चढला. आईला आकड्याचं काही नव्हतं, पण पोरगी मध्ये न थांबता बोलायला लागली तशी ती पदर तोंडाला लावून रडली. मलाही रडू आलं, कशाला लपवू.

आईनं पुढं पाहुण्यांना स्वतःच सांगितलं. मुलाची आई येणार त्या दिवशी मला मुद्दाम बोलावून घेतलं. औषधानं दमा आटोक्यात राहतो, पंपाची चटक लागत नाही, सगळं मी तिला समजावलं. ती चहा पीत ऐकत राहिली. सोयरीक मोडली तर या गावात परत कोण खरं बोलणार? शेवटी तिनं कप खाली ठेवला आणि मला बाजूला घेतलं.

"पोरगी आम्हाला पसंत हाय. पण ताई, आमच्या पोरालाबी दमा हाय. तुमच्या मॅडमला दाखवता येईल का?"