वादी अदाईची टेप

तस्नीम मुकादम मूळची श्रीवर्धनची. मुंबईत एका सायंदैनिकात ती बातमीदार होती आणि तिच्या बातमीला वजन होतं. शाहबाजशी लग्न करून मस्कतला आली आणि सगळं थांबलं. शाहबाज बंदरावर माल सोडवण्याच्या कचेरीत होता. ती रुवीतल्या फ्लॅटमध्ये लोकांच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. त्यामुळे अझैब्यातल्या एका खाजगी कॉलेजानं पत्रकारितेच्या नव्या कोर्ससाठी तिला बोलावलं, तेव्हा ती अधाशासारखी त्या कामावर तुटून पडली.

पहिल्याच आठवड्यात तिनं वर्ग किनाऱ्यावर नेला. मासळीचा लिलाव चालू होता. काहींनी तो लिहून काढायचा, काहींनी फोटो घ्यायचे, काहींनी नुसता आवाज रेकॉर्ड करायचा, काहींनी व्हिडिओ. मग हे सगळं कॉम्प्युटरवर जोडून एकच बातमी करायची. "भाव किती लागला ते लिहून सांगा," ती म्हणाली, "पण लिलाव करणाऱ्याचा घसा कसा बसलाय, ते आवाजातच कळेल. प्रत्येक गोष्ट आपलं माध्यम मागते. ते ओळखायला शिका."

अमीन याच वर्गातला. डोंगरालगतच्या वादी अदाई वस्तीत राहणारा बलुची मुलगा, बोलायला बुजरा. पण डोळ्याला कॅमेरा लावला की त्याचा बुजरेपणा कुठल्या कुठे जायचा. त्याचा पहिला व्हिडिओ त्याच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्या हुसैनमियाँवर होता. हुसैनमियाँ दापोलीकडचे. तस्नीम त्याच्यासोबत गेली होती. मिस आपल्याच मुलखातली म्हटल्यावर त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि इस्त्री फिरवता फिरवता घरच्या गप्पा काढल्या. बायको वजीरा गावी होती. पुढच्या ईदला कायमचं परत जायचं, इन्शाल्ला, असं म्हणाले.

वर्गात तस्नीम एक वाक्य वारंवार सांगायची. मुंबईच्या वरिष्ठांनी तिला तेच शिकवलं होतं. "आधी टिपायचं, मग रडायचं. कॅमेरा चालू असताना हात थरथरला तर बातमी गेली."

दोन हजार सातच्या जूनमध्ये वादळ येणार म्हणून कॉलेज बंद झालं. अमीननं कॅमेरा मागितला आणि तिनं दिला. "गच्चीवरूनच घ्यायचं. खाली उतरायचं नाही," असं बजावूनही सांगितलं.

पाऊस झाला तो असा, की डोंगरावरचं सगळं पाणी वादीतून, एरवी कोरड्या असणाऱ्या पात्रातून, घरांवर आलं. वीज गेली, फोन मेले. शाहबाज तिला दाराबाहेर पडू देईना. "रस्ताच उरला नाही, तू जाणार कुठून?" तो म्हणत होता. ती खिडकीशी उभी राहून अमीनचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत होती.

पाणी ओसरल्यावर अमीनच चालत तिच्या दारात आला. कमरेपर्यंत चिखल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा. त्याला जिवंत पाहून तिनं हाताला धरून आत ओढलं.

"मिस, हुसैनमियाँ सापडत नाहीत," तो हिंदीत म्हणाला. "यात आहेत. शेवटचे यातच आहेत."

लाँड्रीत पाणी भरलं तसे हुसैनमियाँ पत्र्यावर चढले होते. अमीन समोरच्या गच्चीवरून टिपत होता. ते हात हलवत होते आणि तो टिपत होता. मग पत्रा एका बाजूनं कलला. अमीननं कॅमेरा चालूच कठड्यावर ठेवला, कपडे वाळत घालायची दोरी तोडून काढली आणि हाका मारत जिन्यानं धावला. तो खाली पोचेपर्यंत तिथे पत्रा नव्हता आणि माणूसही नव्हता.

कॉलेजात जनरेटर होता. वर्गातली जमिला तिथे येऊन बसली. तिनं टेप कॉम्प्युटरवर घेतली, एक चित्र थांबवून मोठं केलं आणि छापलं. निळा चौकड्यांचा सदरा, अर्धवट चेहरा. तो कागद घेऊन तस्नीम, शाहबाज आणि अमीन निघाले. शाळांमध्ये माणसं उतरवली होती, तिथे विचारलं. इस्पितळांत विचारलं. पाण्याच्या टँकरपुढे रांगा होत्या, तिथे प्रत्येकाला कागद दाखवला. लोक बघायचे, मान हलवायचे, रिकामे कॅन पुढे सरकवायचे. अमीन काही खात नव्हता. शाहबाजनं त्याच्या हातात खुबूस, म्हणजे तिथली रोटी, दिला तर तो तसाच धरून बसला.

अखेर कुरुमच्या बाजूला मिळालेल्या एका प्रेताची खबर लागली. शवागाराच्या आत शाहबाज एकटाच गेला. बाहेर आला आणि तस्नीमच्या हातातला कागद घेऊन त्यानं घडी घातली. "चेहऱ्यावरून नाही, सदऱ्यावरून ओळखलं," एवढंच म्हणाला.

गावी फोन तस्नीमनं केला. पलीकडे वजीरानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "शेवटाला त्यांच्याजवल कोन होता काय?"

"एक पोरगा होता," तस्नीम म्हणाली. "हाका मारत होता त्यांना."

ते खोटं नव्हतं. टेपवर त्या हाका होत्या. पण त्याच्या आधीचंही सगळं टेपवर होतं. अमीननं ते तिच्यासमोर लावलं आणि विचारलं, "मिस, मी कॅमेरा आधीच ठेवला असता तर?"

दोरी पुरली नसती, असं म्हणता आलं असतं. पण तिला ते ठाऊक नव्हतं. ज्या हाताला तिनं थरथरू नको म्हणून शिकवलं होतं, तो खरंच थरथरला नव्हता. चित्र स्वच्छ होतं, पाहावत नाही इतकं स्वच्छ.

कॉलेज उघडल्यावर डीननी तिला बोलावलं. टेपची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि एका वाहिनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. "आपल्या विद्यार्थ्याचं काम जगभर दिसेल," डीन म्हणाले. "मॅडम, तुमच्या कोर्सचं याहून मोठं यश कोणतं?"

"त्या माणसाच्या बायकोला विचारते," ती म्हणाली.

वजीरा म्हणाली, "नको गो बाय. कोनाला नको दाखवू. मला पन नको."

डीननी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "कॅमेरा कॉलेजचा, टेपही कॉलेजची. उद्या टेबलावर हवी."

तस्नीम वर्गात आली. जमिलाला म्हणाली, "कॉम्प्युटरवरचं पुसून टाक." जमिलानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुसलं. मग तस्नीमनं टेपची पट्टी कॅसेटमधून ओढून काढली, कात्रीनं तुकडे केले आणि ते पाकिटात घालून डीनच्या टेबलावर ठेवले. त्याच दिवशी तिला घरी बसायला सांगितलं. कोर्स दुसऱ्या कुणाकडे गेला.

"जे केलंस ते बरोबर केलंस," शाहबाज म्हणाला. तिला तसं वाटत नव्हतं. मुंबईत असती तर तिनं ती टेप दाखवली असती, हे तिला माहीत होतं. आणि ते माहीत असणंच तिला झोपू देत नव्हतं.

अमीननं कॉलेज सोडलं. तो घराबाहेरच पडेना. दर गुरुवारी तस्नीम वादी अदाईला जायची. त्याची आई खुदेजा कहावा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, ओतायची आणि खजूर पुढे करायची. खुदेजानं तिला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तस्नीमला वाटायचं. समोर लाँड्रीच्या जागी नुसता चौथरा उरला होता आणि अमीन त्या बाजूला पाठ करून बसायचा.

हिवाळ्यातल्या एका गुरुवारी तो एकदम म्हणाला, "त्यांच्या बायकोला हिंदी येतं?"

"थोडं येतं."

"फोन लावून द्या."

"काय बोलणार आहेस?"

"जे झालं ते. सगळं. तुम्ही तिला अर्धंच सांगितलंत."

तस्नीमला त्याला थांबवावंसं वाटलं. त्याच्यासाठी की स्वतःसाठी, ते तिला नीट कळलं नाही. तिनं नंबर लावला, घंटा वाजू लागल्यावर फोन त्याच्या हातात दिला आणि खुदेजापाठोपाठ स्वयंपाकघरात गेली. खुदेजानं नळ सोडला, म्हणजे खोलीतलं बोलणं ऐकू येऊ नये. तरी अमीनचा आवाज येत होता. तो हिंदीत अडखळत बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. मग पलीकडून वजीरा बोलू लागली, आणि तो मधूनमधून नुसतं "जी" म्हणत ऐकत राहिला.