भोंग्याचा कोंबडा

परळच्या आमच्या खोलीत लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावची आठ माणसं राहायची. ट्रंक ठेवायला जागा नव्हती, पण किस्से कसे काय मावायचे कोण जाणे! झटकले तरी ढेकणांसारखे परत येतात.

माझ्या गावच्या शेजाऱ्याचं, धोंडिबाचंच घ्या. भात घरचा, पण मीठ, कापड, शेतसारा यांना रोकड लागते. लोणावळ्याला धरणाचं काम निघालं होतं. नगरकडची माणसं तिथं पोट भरायला येत होती. मी म्हटलं, "तितं जा की."

"सोयऱ्याधायऱ्यांसमोर डोक्यावर पाटी घिऊ? लाज हाय का न्हाई?"

मग हा मुंबईला आला आणि गोदीत पाट्या उचलायला लागला.

तसाच आमचा गेनू. तो रात्री गोदीत, मी दिवसा गिरणीत; दोघांत एकच घोंगडी. पुढं गावच्या जत्रेत भेटला तर त्यानं मिठीच मारली. "लय दिसांनी! मुंबईत कुटं ऱ्हातोस?"

म्हटलं, "तू उठतोस, तितंच निजतो."

पुढं धोंडिबानं गिरणीत माणसं कामाला लावणाऱ्या जॉबरला द्यायला गावाहून कोंबडा आणला. जॉबर निघाला माळकरी. त्यानं काम दिलं, कोंबडा परत केला. मग कोंबडा आमच्या खोलीतच राहिला. आधी वेळी-अवेळी आरवायचा, शेजारी शिव्या घालायचे. मग त्याला वळण लागलं. गिरणीचा भोंगा झाला की मगच आरवायचा.

धोंडिबा म्हणायचा, "त्यो परमनंट झाला. मी अजून दुसऱ्याच्या बदलीवर."

तिकडं गावी धोंडिबाची बायको, सखूवहिनी, एकटीनं भाताच्या लावण्या करून मेटाकुटीला आली होती. तिनं निरोप धाडला, "औंदा घरी ऱ्हावा, न्हाईतर मी म्हायेरी चालले." धोंडिबा घाबरला. कोंबडा काखेत मारून कायमचा गावी आला. मीही तेव्हा रजेवर गावातच होतो.

कुरवंड्यात कुठला आलाय भोंगा? कोंबडा गप्प. पण पहाटे घाटात इंजिनाची शिट्टी झाली की हा आरवायचा, आणि धोंडिबा झोपेतच भाकरी फडक्यात बांधून लोणावळा स्टेशनाकडं चालू लागायचा. वहिनी बांधापर्यंत धावत जाऊन त्याला ओढून आणायची. रोजचंच झालं. मला हसू यायचं, पण तिच्याकडं बघून जीवही तुटायचा.

शेवटी तिनं कोंबडा कापला. धोंडिबानं बोटं चाटूनपुसून रस्सा खाल्ला आणि गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात राखुंडीनं दात घासत होतो. घाटात शिट्टी झाली. बघतो तर धोंडिबा भाकरी घेऊन बांधावर, आणि वहिनी त्याच्या आडवी उभी.

"आता तर कोंबडा बी न्हाई. कुणी उठवलं तुमास्नी?"

धोंडिबा खाली बघत म्हणाला, "अगं, पोटातनं आरवला."